उपवासकाळातले चार संन्यासी : ठाणे, इ.स. १३२१

इ.स. १३२१ च्या एप्रिल महिन्यात, ईस्टरचा सण दहा-अकरा दिवसांवर आला असताना, ठाणे शहरातून तीन परदेशी माणसांना गुपचूप खाडीपार नेण्यात आले. त्यांना शहर सोडायला सांगणारा खुद्द शहराचा अधिकारी होता, आणि सोबतीला होता त्यांचा यजमान. पलीकडच्या वस्तीत एका मूर्तिपूजक घराने, म्हणजे आजच्या भाषेत एका हिंदू कुटुंबाने, त्यांना आसरा दिला. रात्री ते रोजच्या नेमाप्रमाणे प्रार्थनेला उठले. नेमके त्याच वेळी त्यांना ठार करायला पाठवलेले चार शस्त्रधारी दारात पोचले.

हा प्रसंग लिहून ठेवणारा इटालियन संन्यासी ओदोरिक पलीकडच्या वस्तीचे नाव देत नाही. शहरापासून थोड्या अंतरावर समुद्राचा एक फाटा आहे आणि त्याच्या पलीकडे एक उपनगर आहे, एवढेच तो सांगतो. ठाण्याच्या पूर्वेला खाडी ओलांडली की कळवा लागते, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. उत्तरेला ओलांडली की कशेळी-भिवंडीची बाजू. तीन संन्याशांची होडी यांपैकी ज्या काठाला लागली, तो काठ मध्ययुगीन युरोपात लिहिल्या गेलेल्या भारताच्या सुरुवातीच्या वर्णनांमध्ये कायमचा नोंदला गेला आहे. रोज लोकलने ही खाडी ओलांडणाऱ्या हजारो माणसांना याची कल्पना नसते, आणि ठाण्याच्या इतिहासातही शिलाहार आणि पोर्तुगीज यांच्यामधल्या या पानावर फारसे कोणी थांबत नाही. मला मात्र हे पान फार महत्त्वाचे वाटते, कारण भक्तीचा रोजचा नेम माणसाला संकटात कसा वागवतो हे इतक्या जवळून दाखवणारे प्रसंग आपल्या परिसराच्या इतिहासात थोडेच आहेत.

ही माणसे ठाण्याला यायला निघालीच नव्हती. त्यांना चीनला जायचे होते. योहान द मोंतेकोर्विनो नावाचा फ्रान्सिस्कन संन्यासी तेराव्या शतकाच्या अखेरीस मंगोल सम्राटाच्या राजधानीत, म्हणजे खानबालिकला, आजच्या बीजिंगला, पोचला होता. वाटेत तो भारताच्या पूर्व किनाऱ्यावर तेरा महिने राहिला. त्याचा सोबती निकोलस तिथेच वारला. चीनमधून त्याने १३०५ आणि १३०६ मध्ये पाठवलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्यांत तो आपल्या कामाचा हिशेब देतो: चर्च बांधले, मनोऱ्यात तीन घंटा बसवल्या, सुमारे सहा हजार लोकांना बाप्तिस्मा दिला. मोल देऊन घेतलेल्या चाळीस लहान मुलांना त्याने लॅटिन आणि स्तोत्रे शिकवली. ही मुले प्रहराप्रहराच्या प्रार्थना गाऊन म्हणत आणि सम्राटालाही त्यांचे गाणे आवडे. पण पत्राचा सूर एकाकी आहे. वर्षानुवर्षे आपल्याला पापनिवेदनासाठी दुसरा धर्मगुरू भेटलेला नाही, कोणीतरी या, असे तो विनवतो.

ही हाक १३०७ मध्ये पोप पाचवे क्लेमेंट यांच्यापर्यंत पोचवली ती तोलेंतिनो गावच्या थॉमसने. थॉमस हा काही साधा निरोप्या नव्हता. फ्रान्सिस्कन संघात त्या काळी एक मोठा वाद पेटला होता. संघ स्थापणाऱ्या संत फ्रान्सिसने सांगितलेले दारिद्र्य अक्षरशः पाळायचे, की वाढत्या संघाच्या सोयीसाठी त्यात सूट घ्यायची? थॉमस अक्षरशः पाळणाऱ्यांच्या बाजूचा होता आणि त्यासाठी त्याने मध्य इटलीत आपल्याच संघाच्या वरिष्ठांच्या हुकमाने तुरुंगवास भोगला होता. नव्या प्रमुखाने १२८९ च्या सुमारास त्याला आणि त्याच्या सोबत्यांना सोडवले आणि पूर्वेकडे आर्मेनियाच्या राजाकडे पाठवले. त्यानंतरचे त्याचे आयुष्य बहुतेक प्रवासातच गेले. १३२१ मध्ये तो साठी ओलांडलेला होता. चीनची हाक त्याने इतरांना ऐकवली होती. आता तो स्वतः निघाला होता.

त्याच्या बरोबर तिघे होते: पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, आणि तिफ्लिसचा, म्हणजे जॉर्जियातल्या आजच्या तिबिलिसीचा, देमेत्रियस. देमेत्रियस दीक्षित धर्मगुरू नव्हता, तो संघातला साधा बंधू. पण त्याला भाषा येत, म्हणून दुभाष्याचे काम त्याच्याकडे. पाचवा होता फ्रान्समधला जॉर्डन. तो डॉमिनिकन, म्हणजे दुसऱ्या संघाचा, आणि त्याला फारसी येत असे. इराणातून ते होर्मुझला आले आणि केरळातल्या कोल्लमला जाणाऱ्या जहाजाचा करार केला. जहाजाने मात्र त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध ठाण्याला आणून उतरवले.

पुढे काय घडले ते समजायला या माणसांचा दिवस कसा असे ते आधी पाहावे लागते. फ्रान्सिसची नियमावली पोप तिसरे होनोरियस यांनी १२२३ मध्ये मंजूर केली. ती फार छोटी आहे. पैशाला हात लावायचा नाही. घर, जागा, कसलीही मालमत्ता आपली म्हणायची नाही. गरज किंवा आजारपण नसेल तर घोड्यावर बसायचे नाही. जे समोर वाढले जाईल ते खायचे. दर शुक्रवारी उपवास, सर्व संतांच्या सणापासून नाताळपर्यंत उपवास आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांचा मोठा उपवास. त्या काळचा मोठा उपवास म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, आणि त्यातही मांस, दूध, अंडी नाहीत.

प्रार्थनेचे वेळापत्रक तर याहून काटेकोर. मध्यरात्रीनंतरची प्रार्थना, पहाटेची, सूर्योदयाची, मग तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासाची, सायंप्रार्थना आणि निजण्यापूर्वीची. धर्मगुरू ती ग्रंथातून म्हणत. ज्यांना वाचता येत नसे अशा बंधूंसाठी फ्रान्सिसने सोपा हिशेब घालून दिला होता: प्रभूची प्रार्थना रात्री २४ वेळा, पहाटे ५, दिवसाच्या चार प्रहरांना प्रत्येकी ७, सायंकाळी १२ आणि निजताना ७. दिवसाकाठी ७६ वेळा. होर्मुझच्या धक्क्यावर असो की जहाजाच्या तळाशी, हा नेम चुकवायचा नाही. जो माणूस खिशात नाणे ठेवत नाही, ज्याला संध्याकाळी कुठे टेकायचे हे सकाळी ठाऊक नसते, त्याच्यासाठी हा नेमच घर असतो. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही प्रभूच्या प्रार्थनेतली मागणी ते रोज करत आणि ती त्यांच्या बाबतीत शब्दशः खरी होती.

१३२१ चा मोठा उपवास ४ मार्चला सुरू झाला. ठाण्यातले त्यांचे दिवस याच काळातले.

ठाणे तेव्हा कसे होते? शिलाहारांची ही राजधानी तेराव्या शतकात यादवांकडे गेली आणि यादवांचा पाडाव झाल्यावर दिल्लीच्या सुलतानांकडे. मार्को पोलोने काही दशकांपूर्वी इथल्या कातड्याच्या आणि सुती कापडाच्या व्यापाराची, तशीच किनाऱ्यावरच्या चाचेगिरीची नोंद केली आहे. १३२१ मध्ये दिल्लीच्या तख्तावर घियासुद्दीन तुघलक नुकताच बसला होता. ठाण्यात त्याचा लष्करी अधिकारी होता, त्याला मलिक म्हणत, आणि न्यायनिवाड्याला काझी. लोकांत हिंदू होते, पारशी होते, अरब आणि इराणी व्यापारी होते. आणि ख्रिस्ती कुटुंबेही होती, ओदोरिकच्या सांगण्याप्रमाणे पंधरा घरे.

ही पंधरा घरे कुठून आली? पर्शियातून चालत आलेल्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळीची ती होती. लॅटिन चर्चचे लोक त्यांना नेस्टोरियन म्हणत आणि पाखंडी समजत. कोकणात त्यांची पाळेमुळे जुनी होती. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस हा कल्याणला ख्रिस्ती लोक असल्याचे आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जात असल्याचे लिहितो. म्हणजे पोर्तुगीज जहाजे इथे येण्याच्या सुमारे हजार वर्षे आधीपासून या खाडीच्या परिसरात ख्रिस्ती प्रार्थना होत होती. ओदोरिक आपल्या लेखात या घरांना पाखंडी म्हणतो खरा, पण दारात आलेल्या चौघांना राहायला जागा याच घरांपैकी एकाने दिली. मोठा उपवास दोन्ही मंडळींत होता. धर्मशास्त्राचा वाद दाराबाहेर ठेवून पाहुण्यांना आत घेणाऱ्या त्या घराचे नाव इतिहासाने ठेवले नाही, याची मला हळहळ वाटते.

जॉर्डन फारसी जाणणारा, म्हणून तो पुढे सोपारा आणि भडोचकडच्या ख्रिस्ती लोकांना भेटायला गेला. चौघे ठाण्यातच राहिले. आणि मग ज्या घरात ते उतरले होते त्या घरात भांडण झाले.

नवरा-बायकोचे भांडण. नवऱ्याने बायकोला मारले. तिने ते मुकाट्याने सोसले नाही. ती काझीकडे गेली आणि फिर्याद दिली. काझीने विचारले, पुरावा काय? तिने सांगितले, घरात चार फ्रँक, म्हणजे पश्चिमेकडचे ख्रिस्ती, संन्यासी होते, त्यांनी पाहिले आहे. दरबारात अलेक्झांड्रियाचा एक माणूस हजर होता. तो म्हणाला, त्यांना बोलावून घ्याच, ती विद्वान माणसे आहेत, धर्मग्रंथ चांगले जाणतात. पीटरला सामानाजवळ ठेवून थॉमस, जेम्स आणि देमेत्रियस काझीपुढे गेले. युरोपभर गाजलेल्या या प्रकरणाचा उगम मार खाल्लेल्या एका बाईच्या फिर्यादीत आहे. त्या फिर्यादीचा निकाल काय लागला ते कोणीच सांगत नाही, कारण संन्यासी समोर दिसताच काझीने तो विषय सोडला आणि धर्माचा काढला.

वाद ख्रिस्ताच्या देवत्वावरून सुरू झाला. तीन संन्याशांनी आपली बाजू मांडली. मग काझीने विचारले, आमच्या पैगंबरांविषयी तुमचे मत काय? इथे ओदोरिकचा तपशील लक्षपूर्वक वाचावा लागतो. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. ख्रिस्ताविषयी आम्ही जे मानतो ते सांगितले, त्यावरून तुम्हीच समजा, असे ते म्हणत राहिले. प्रश्न पुन्हा पुन्हा आला. अखेर थॉमसने जे उत्तर दिले ते कडक होते आणि ऐकणाऱ्याच्या श्रद्धेला दुखावणारे होते. मुसलमान राज्यात, काझीच्या समोर, अशा शब्दांची शिक्षा काय हे त्याला पुरते ठाऊक होते.

फ्रान्सिसने १२२१ मध्ये लिहिलेल्या आधीच्या नियमावलीत मुसलमानांमध्ये राहणाऱ्या बंधूंना दोन मार्ग सांगितले आहेत. एक, वाद न घालता, देवासाठी सगळ्यांशी नमून राहायचे आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढेच कबूल करायचे. दुसरा, देवाची इच्छा दिसेल तेव्हा उघड उपदेश करायचा. फ्रान्सिस स्वतः १२१९ मध्ये इजिप्तच्या सुलतान अल-कामिलला युद्धाच्या धामधुमीत भेटला आणि सुखरूप परतला. पुढच्याच वर्षी त्याचे पाच बंधू मोरोक्कोत दुसऱ्या मार्गाने गेले आणि मारले गेले. ठाण्यातले संन्यासी पहिल्या मार्गावरून दुसऱ्यावर ढकलले गेले. थॉमसचे शब्द टाळता आले असते असे आज वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे. पण पंधरा घरांच्या आसऱ्याला राहिलेले हे लोक भांडण उकरून काढायला आले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. ते आले होते साक्ष द्यायला, एका बाईच्या बाजूने.

शिक्षेची सुरुवात उन्हापासून झाली. दिवसाच्या तिसऱ्या तासापासून नवव्या तासापर्यंत, म्हणजे साधारण सकाळी नऊ ते दुपारी तीन, तिघांना उन्हात बांधून ठेवले. एप्रिलमधले ठाण्याचे ऊन वेगळे वर्णन करून सांगायला नको. ओदोरिक सांगतो, इथल्या उन्हात उघड्या डोक्याने एका मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या एका उपासनेचा, वेळ जरी माणूस उभा राहिला तरी तो मरेल. उपवासातली ती माणसे सहा तास त्या उन्हात होती आणि देवाची स्तुती करत होती. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेचे तीन प्रहर, तिसरा, सहावा आणि नववा, नेमके या सहा तासांत येतात. स्तुती करत होते म्हणजे काय करत होते, हे मला यावरून कळते. पोथी हातात नसली तरी वर्षानुवर्षे रोज म्हटलेली स्तोत्रे त्यांना पाठ होती. आणि देमेत्रियसचा तर हिशेबच सोपा होता: सात, सात आणि सात.

मग शहराच्या मैदानात मोठी आग पेटवली गेली. जेम्सला तीत जायला सांगितले. ओदोरिकच्या कथनात तो आगीत शिरतो, हात क्रुसासारखे पसरून प्रार्थना करतो आणि विस्तव निवेपर्यंत केसालाही धक्का न लागता उभा राहतो. बाकीचे दोघे बाहेर गुडघे टेकून असतात. काझी म्हणतो, त्याच्या अंगावरचा झगा अब्राहामाच्या देशातल्या लोकरीचा आहे, म्हणून तो जळाला नाही. मग त्याचे कपडे उतरवून, अंगाला तेल चोपडून त्याला अधिक मोठ्या आगीत घालतात. तरी तो जळत नाही आणि जमलेले लोक ओरडू लागतात की ही साधू माणसे आहेत, यांना त्रास देऊ नका.

या गोष्टीचे काय करायचे? सगळी हकीकत एकाच बाजूची आहे. काझीने किंवा मलिकाने लिहिलेले काही आपल्यासमोर नाही. फ्रान्सिसने सुलतानापुढे आगीत शिरण्याची तयारी दाखवली होती, ही कथा बोनाव्हेंचरने लिहिलेल्या चरित्रामुळे प्रत्येक फ्रान्सिस्कनाला ठाऊक होती, आणि ओदोरिकही फ्रान्सिस्कनच. ठाण्याची आठवण सांगताना ती कथा मनात नसणे शक्य नाही. पण हकीकत केवळ त्याची नाही. चीनच्या किनाऱ्यावरच्या झायतुन शहराचा बिशप अँड्र्यू याने १३२६ मध्ये, ओदोरिकचे पुस्तक लिहिले जाण्याच्या चार वर्षे आधी, मायदेशी धाडलेल्या पत्रात भारतात मारल्या गेलेल्या चार बंधूंचा आणि त्यांतल्या एकाला दोनदा आगीत टाकल्याचा उल्लेख आहे. आणि हा बिशप प्रामाणिकपणे पुढे लिहितो की इतके होऊनही पाहणाऱ्यांपैकी कोणीही आपला धर्म बदलला नाही. चमत्काराचा डंका पिटायला बसलेला माणूस असे वाक्य लिहीत नाही.

मलिकाला हे प्रकरण वाढवायचे नव्हते. लोक संन्याशांच्या बाजूने बोलू लागले होते. त्याने तिघांना सांगितले, लवकर इथून निघून जा, काझी तुमच्या जिवावर उठला आहे. यजमानाने त्यांना खाडीपार पोचवले.

त्या रात्री काझी मलिकाकडे गेला. हे जिवंत सुटले तर लोक आपला धर्म सोडतील, असे त्याने समजावले. मलिक नमला आणि चार माणसे मागावर सुटली. ती पोचली तेव्हा तिघे मध्यरात्रीच्या प्रार्थनेला उठलेले होते. दिवसभर ऊन सोसलेली, आगीतून निघालेली, पोटात उपास असलेली माणसे त्या एका रात्री झोपून राहिली असती तर त्यांना कोणी दोष दिला नसता. ती उठली, कारण उठायची वेळ झाली होती. त्यांची श्रद्धा मैदानातल्या आगीपेक्षा मला इथे जास्त स्पष्ट दिसते. आगीपुढे माणूस एकदाच उभा राहतो आणि तिथे पाहणारे असतात. परक्या घरात, अंधारात, कोणी पाहत नसताना वेळेवर उठणे हे रोजच्या सवयीशिवाय होत नाही.

मारेकऱ्यांनी त्यांना एका झाडाखाली नेले. ओदोरिक लिहितो की त्यांचीही इच्छा नव्हती. तुम्ही चांगली माणसे आहात, पण हुकूम मोडला तर आमची बायकामुले जातील, असे त्यांनी बोलून दाखवले. संन्याशांनी त्यांना सांगितले, तुम्हाला सांगितले आहे ते करा. तिघांची डोकी उडवली गेली. तो दिवस ९ एप्रिल १३२१, झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा गुरुवार. मागे राहिलेल्या पीटरला पकडून आधी आमिषे दाखवली, मग छळले, आणि शनिवारी ११ एप्रिलला मारले. दुसऱ्या दिवशी पवित्र सप्ताह सुरू झाला.

बातमी जॉर्डनला वाटेत कळली. तो परत आला, देह मिळवले आणि सोपाऱ्याला नेऊन पुरले. त्यानंतर हा एकटा माणूस सुमारे अडीच वर्षे या किनाऱ्यावर फिरत राहिला. १२ ऑक्टोबर १३२१ चे त्याचे एक पत्र गुजरातेतल्या घोघ्याहून इराणमधल्या बंधूंना गेले आहे, दुसरे जानेवारी १३२४ मध्ये ठाण्याहून. दुसऱ्या पत्रात त्याने आपले हाल सांगितले आहेत: चाच्यांनी लुटले, कैदेत टाकले, खोटे आळ घातले, अंगावर संघाचा झगा उरला नाही, भूक, तहान, ताप, पोटदुखी, डोकेदुखी, आणि एक सोबती नाही. हे सगळे सांगून त्याने मागितले काय, तर आणखी माणसे पाठवा. आपल्याला परत बोलवा असे त्याने लिहिले नाही. पुढे तो युरोपात गेला, १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप म्हणून नेमला गेला, आणि भारतातल्या झाडाफळांचे, फणस-आंब्यांचे, लोकांच्या चालीरीतींचे वर्णन करणारे एक छोटे लॅटिन पुस्तक मागे ठेवून गेला.

ओदोरिक काही वर्षांतच ठाण्याला आला. होर्मुझहून त्याला २८ दिवस लागले. त्याने मारल्या गेलेल्या बंधूंच्या अस्थी काढल्या, स्वच्छ कापडात बांधल्या आणि बरोबर घेतल्या. कोल्लम, पूर्व किनारा, सुमात्रा, जावा असे करत त्या अस्थी चीनला झायतुनच्या फ्रान्सिस्कन मठात पोचल्या. जिवंतपणी ठाण्याला अडकलेले चौघे अशा रीतीने मुक्कामाला लागले. ओदोरिकच्याच सांगण्याप्रमाणे दिल्लीच्या सुलतानाने या प्रकरणाबद्दल मलिकाला बोलावून मृत्युदंड दिला आणि काझी पळून गेला. सुलतानाच्या परवानगीवाचून परदेशी साधूंना मारणे दिल्लीला मान्य नव्हते, हे या हकिकतीतून दिसते. तिला नुसता दोन धर्मांचा झगडा समजणारा वाचक हा भाग विसरतो.

ठाण्यात लगेच काही बदलले नाही. पंधरा घरांची ती जुनी मंडळी पुढच्या दोन शतकांत दिसेनाशी झाली. पोर्तुगीज आले तेव्हा सोबत पुन्हा फ्रान्सिस्कन आले, पण त्यांच्या येण्याची तऱ्हा पूर्ण वेगळी होती. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगालच्या राजाकडे गेली. आंतोनिओ दो पोर्तु या फ्रान्सिस्कनाने मंडपेश्वरच्या लेण्यात चर्च उभे केले. आता संघामागे किल्ला होता, जमीन होती, राज्याचा हात होता, आणि त्या हाताने इथल्या देवळांवर आणि माणसांवर जबरदस्तीही केली. ज्या थॉमसने मालमत्तेच्या वादात तुरुंग भोगला, त्याच्याच संघाची ही पुढली गोष्ट आहे. ठाण्यात मासुंदा तळ्याकाठचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळाचा वारसा सांगते.

पण राज्याच्या हाताने उभे राहिलेले राज्याबरोबर पडते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई पडली, आणि युरोपीय धर्मगुरू बहुतेक निघून गेले. शरणागतीच्या करारात ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळू देण्याचे कलम होते. तरीही मठ ओस पडले, उत्पन्ने गेली, आणि गावोगावच्या शेतकरी-कोळी ख्रिस्ती कुटुंबांजवळ एतद्देशीय धर्मगुरूंच्या थोड्याशा आधारासह उरले ते घरातले: संध्याकाळची जपमाळ, वेशीवरचा क्रूस, शुक्रवारचा उपवास आणि चाळीस दिवसांचा मोठा उपवास. म्हणजे जवळपास तेच, जे मालमत्तेवाचून जगणाऱ्या १३२१ च्या चौघांजवळ होते.

या कुटुंबांजवळ एक गोष्ट जास्तीची होती: फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश या धर्मगुरूने उत्तर कोकणच्या मराठीत रचलेले ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे पुराण. ते १६५९ मध्ये लिस्बनला रोमन लिपीत छापले गेले, आणि ठाणे, वसई, मुंबईच्या ख्रिस्ती घरांत उपवासकाळात ते ओव्यांसारखे गायले जाई. ज्यांना पोर्तुगीज येत नव्हती, लॅटिन कळत नव्हते, अशा बायाबापड्यांना ते पाठ असे. पोर्तुगीज सत्ता जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावरही, एकोणिसाव्या शतकात, मुंबईत त्याच्या नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या, इतकी त्याला मागणी होती. त्याच शतकाच्या अखेरीस, १८९४ मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी तोलेंतिनोच्या थॉमसला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून मान्यता दिली, आणि ठाण्याच्या खाडीकाठी मारल्या गेलेल्या त्या म्हाताऱ्याचे नाव चर्चच्या पंचांगात ९ एप्रिलला लागले.